अठ्ठ्याण्णव कप्पे

प्रेसमध्ये बत्तीस वर्षं नोटा मोजल्या,
आता ट्रेमधले कोंब मोजतो.
कप्पे अठ्ठ्याण्णव, ब्रोकोली उगवली एकसष्ट.
हिशेब जुळत नाही
आणि गेटवर कुणी झडती घेत नाही.

जेलरोडच्या गच्चीवर ऑक्टोबर
पत्र्यासारखा तापतो.
हिरव्या जाळीखाली, ओल्या गोणपाटाआड
रोपं माना लांबवून उभी,
स्टँडवर चांदवडच्या गाडीची वाट बघावी तशी.

निफाडला पारा उतरला म्हणे.
आमच्याकडे यायला त्याला उशीर झाला,
तोवर गड्डे सुपारीएवढे होऊन
पिवळे फुललेसुद्धा.

यमुताई म्हणाल्या, मोहरीच्याच घरातली ती,
नाव परदेशी लावलं म्हणून काय झालं!

खुडायला वाकलो
तर मधमाश्या आधीच आलेल्या.
मोजल्या नाहीत.