सोपो

म्हापशाच्या बाजारात सकाळी साडेआठला
माझ्या हातात पावतीपुस्तक असतं, बोटांना कार्बनची निळाई.
सोपो गोळा करतो मी. जागेचं भाडं, दिवसापुरतं.
पावतीवर नावाला रकाना नाही,
फक्त चौरस मीटर.

तरी नावं कळतातच.
छत्रीखाली चाव्या कापणारा राजेसाब नदाफ, रोणचा.
गदगच्या अलीकडे की पलीकडे, मला अजून नीट माहीत नाही.
आला तेव्हा अर्धा मीटर होता: एक कानस, पत्र्याची पेटी,
लोखंडी कड्यात ओवलेल्या शंभरेक कोऱ्या चाव्या.
आता यंत्र आहे. यंत्राला वीज कामतांच्या दुकानातून,
कामत त्याचे महिन्याला पाचशे घेतात
आणि वर म्हणतात, घाट्यांनी बाजार भरला.
यंत्र बिघडलं की मडगावहून एक बिहारी येतो.
हाताशी भाचा. भाच्याचा दुपारचा भात शांतव्वाकडून,
शांतव्वाच्या चुलीवर आणखी तीन बायका.

पूर्वी मला महिन्याला एक पुस्तक पुरायचं,
आता आठवडा जात नाही.
साहेब म्हणतात, वाढ आहे.
वाढ मला अंगठ्यात कळते,
पावत्या फाडून दुखतो तिथे.

पण कुलपं कुणाची?
हळदोण्याची, मयड्याची, शिवोलीची,
ज्या घरांची माणसं स्विंडनच्या गोदामात
रात्रपाळीला खोकी भरतात.
तीन आठवड्यांच्या रजेत येतात,
गंजकं कुलूप घेऊन छत्रीपाशी उभी राहतात,
कोंकणीत विचारतात, कितले?
तो कोंकणीतच सांगतो.
त्यांच्या मुलांपेक्षा त्याची बरी आहे.

ही गेली म्हणून तो आला,
की तो आला म्हणून
नाही, तसं नाही ते.
कामत काहीही म्हणोत.

परवा आमच्या सतेजचे कागद आले.
माझ्या वडिलांच्या जन्माची नोंद लिस्बनला लागली,
साठ वर्षांनी त्यांचा कुणाला तरी उपयोग झाला.
म्हणाला, बाबा, घराची एक चावी करून आणा,
न्यायला.
म्हटलं, तिथून काय उघडणार आहेस?
तो हसला नाही.

राजेसाबनं यंत्र लावलं. पितळेचा भुगा
माझ्या चपलांवर पडला.
चावी फुंकून हातात दिली, गरम होती.
पन्नास, म्हणाला. ओळखीचे कमी केले नाहीत.
मी पन्नास मोजले,
मग खिशातून पुस्तक काढून
त्याची आजची पावती फाडली.