दोन मिनिटं चौदा सेकंद

गाणं नीट ऐकलंत तर
दोन मिनिटं चौदा सेकंदांवर
तिच्या श्वासामागे एक घरघर सुरू होते.
तो ढोल नाही, बास नाही.
ती तिसऱ्या मजल्यावरच्या बशीरभाईंची दीड टनी विंडो.
कपॅसिटर कमजोर आहे तिचा.
सत्तावीस वर्षं मी हेच ओळखत आलोय.

ऑगस्ट, अबू शगारा,
मध्यरात्रीही बाहेर अडतीस.
तन्झीला म्हणाली, अब्बा, एसी बंद करा.
अख्खी शारजा मला फोन करते
चालू करून द्या म्हणून.
बंद करून द्या म्हणणारी
ही पहिलीच गिऱ्हाईक.

कपाटात बसून गायली ती,
आईचे बुरखे आणि माझे निळे युनिफॉर्म यांच्या मधोमध,
मांडीवर लॅपटॉप,
मैत्रिणीकडून उसना आणलेला माईक हँगरला बांधून.
फ्रिजचाही प्लग काढला.
आम्ही तिघं पॅसेजमध्ये, फरशीवर,
घोट गिळायचा तरी आवाज होईल म्हणून
तहान धरून.
दर वेळी दार उघडायचं,
न्हाऊन निघाल्यासारखी ती बाहेर यायची,
पाणी प्यायची,
मान हलवायची,
पुन्हा आत.
अकराव्या खेपेला हलवली नाही.

सकाळी दूध नासलेलं होतं.
कुणीच काही बोललं नाही.

गाण्याचं नाव 'लिफ्ट बंद'.
आमच्याच बिल्डिंगची लिफ्ट.
चार मजले चढता चढता एक मुलगी
कुणाला काय काय सुनावते, एवढंच.
मधे एक 'यल्ला', शेवटी एक 'माफी मुश्किल'.
मी म्हटलं, यात गाणं कुठे आहे?
हा तर मेंटेनन्सवाल्याला केलेला फोन!

आणि मग ऑक्टोबरमध्ये
मुवेलाच्या एका गच्चीवर गॅस भरत होतो,
तर खालच्या कॅफेटेरियात
परोटा थापणारा मलबारी पोरगा
त्याच चालीत 'लिफ्ट बंद, लिफ्ट बंद' म्हणत होता,
शब्द मोडके,
ठेका अगदी बरोबर.
मी गेजकडे बघत राहिलो.
काटा कधीचा पुढे गेला होता.

अल कूझमधलं कंपनीचं ऑफिस
अठरावर लावलेलं. उगाच.
ते म्हणाले, तन्झीला मुकादम पोस्टरवर मावत नाही,
नुसतं झीला करू.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी छतातल्या जाळीकडे पाहत होतो,
फिल्टर धुतला नव्हता कुणी.
तेवढ्यात ती 'चालेल' म्हणून गेली.
अजून वाटतं, मुकादम राहू द्या
एवढं तरी म्हणायला हवं होतं.
निदान विचारायला.

सतरा पुरी नाहीत, म्हणून सही माझी.
खिशातलंच पेन काढलं,
सही केली, तारीख घातली,
आणि हाताने सवयीने खाली लिहिलं:
काम पूर्ण.
तिथली बाई हसली, दुसरी प्रत काढून आणली.
तन्झीला हसली नाही.
पहिली प्रत तिने घडी घालून पर्समध्ये ठेवली.

त्यांच्या इंजिनिअरला घरघर सापडलीच.
एका क्लिकमध्ये काढतो म्हणाला,
काढून ऐकवलीही.
स्वच्छ होतं सगळं, दवाखान्यासारखं.
ती म्हणाली, परत घाला.
ती सुरू झाली म्हणून पुढची ओळ मी घाईने म्हटली,
ती काढलीत तर मी उगाच का धावतेय?

आता डिसेंबर. ती मस्कतला, पहिला कार्यक्रम.
काल बशीरभाईंनी बोलावलं.
चिकट माणूस, उन्हाळा तसाच काढला त्याने,
आता ऑफ सीझनला स्वस्तात होईल म्हणून हिशेब.
आतल्या खोलीत त्याची मुलं तेच गाणं वाजवत होती,
'झीला आपल्या वरच राहते' सांगत होती कुणाला तरी फोनवर.
मी विंडोचं कव्हर काढलं.
कपॅसिटर फुगलेला.
तसलाच नवा माझ्या बॅगेत,
वीस दिरहमचा.

कव्हर परत लावलं.
बशीरभाई म्हणाले, काय झालं?
म्हटलं, पार्ट यायचाय.