डाव्या पायाचं लोखंड

गाडीला ब्रेक नाही, हे आधीच सांगून टाकतो,
म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.
गिअर एकच. फेऱ्या चार. माणसं चार.
डावीकडे वळायचं तर पुढचं चाक उजवीकडे,
आणि डावा पाय मातीवर, लोखंडी तळव्याचा.
भितो तो गॅस सोडतो,
गॅस सोडतो तो पडतो.
सेवेरिन विलुशला हे सोळाव्या वर्षी कळलं.
मला, त्याच्या मेकॅनिकला, अजून पटलेलं नाही.

पहिला तळवा मीच ठोकला,
क्रोस्नोच्या काचकारखान्यातल्या भट्टीच्या भंगार पत्र्यातून.
त्याची आई तिथे फुलदाण्यांवर नक्षी कापायची.
रविवारी ती तिसऱ्या वळणाशी उभी राहायची
कुंपणाकडे पाठ करून,
आणि नुसत्या आवाजावरून सांगायची
पोरगा कितवा आला ते.
चुकली नाही कधी.

माझ्या वहीत सगळं आहे.
हवा दमट. माती लाल, जड.
मागचं चक्र अठ्ठावन्न दातांचं.
रविवारी पोलंड, मंगळवारी स्वीडन,
गुरुवारी इंग्लंडातलं एक गाव,
नाव तेलाच्या डागाखाली गेलंय.
पाच मिनिटांच्या कामासाठी चौदाशे किलोमीटर.
फेरीबोटीच्या पोटात व्हॅन,
वरच्या मजल्यावर बाकांखाली आम्ही,
आणि पावाला, उशीला, पासपोर्टला एरंडेलाचा वास.
(इंजिनात एरंडेलच घालतो आम्ही. हसू नका.)
यागोदा, त्याची बायको, म्हणायची,
तुमचं हे खरंखुरं एरंडाचं गुऱ्हाळ,
गोल गोल, गोल गोल,
आणि रस कुठाय?

होता, रस होता.
एका जूनमध्ये सलग अकरा शर्यती पहिला.
त्या पैशांत घरावर मजला चढला,
जिना राहून गेला.
अजून शिडीनेच जातात वर.

हाडांचं पान वेगळं.
हासळी तीनदा. घोटा. मनगट.
एका ऑगस्टमध्ये पुढचा डेन्मार्कचा पोरगा घसरला,
त्याच्या अंगावरून जायला नको म्हणून
सेवेरिनने आपली गाडी आपणच आडवी टाकली.
तो पोरगा उठला, हात झटकून चालू लागला.
सेवेरिन उठला सात आठवड्यांनी.

मग क्लबकडे पैसे उरले नाहीत
आणि तो विकला गेला, रीतसर, सहीशिक्क्यानिशी.
मे महिन्यात आम्ही क्रोस्नोला आलो ते पाहुणे म्हणून,
डोक्यावर पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट.
ज्या लोकांनी त्याच्या बारशाचे पेढे खाल्ले असते,
आमच्याकडे पेढे असते तर,
त्यांनीच शिट्ट्या घातल्या.
तिसऱ्या वळणाशी त्याची आई होतीच.
त्या दिवशी तिने पहिल्यांदा
तोंड फिरवून ट्रॅककडे पाहिलं.
चौथा आला. शून्य गुण.
रात्री सूप वाढताना एवढंच म्हणाली,
इंजिन ओळखीचं नव्हतं.
खरं होतं. नव्या क्लबचं होतं ते.

शेवटची शर्यत कोणती, हे आम्हाला शेवटी कळलंच नाही.
वहीत एका पावसाची नोंद आहे,
शर्यती रद्द,
त्यापुढे कोरी पानं.

आता तो ट्रॅक्टर चालवतो त्याच मैदानात,
दर चार शर्यतींनंतर माती सारखी करतो.
पोरं ज्या रेषा ओढून जातात, त्या पुसतो.
ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, दोन.
परवा मी शेजारी मडगार्डवर बसलो होतो.
वळण आलं
आणि त्याचा डावा पाय क्लचवरून निघाला,
बाहेर, रबरी बुटातला,
जमीन शोधत.
मी पाहिलं हे त्याने पाहिलं.
हवा कोरडी आहे, म्हणाला.
आहे, म्हटलं.

शेवटचा तळवा माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलाय,
एका बाजूने झिजून पातेल्याच्या झाकणाइतका पातळ.
गावातलं एक पोरगं येतं, पंधराचं असेल,
मोजा काढून पाय पुढे करतं मापाला.
मी पट्टी शोधायचं सोंग करतो.
पाय वाढतोय अजून तुझा, म्हणतो,
पुढच्या वर्षी ये.
गेल्या वर्षीही हेच म्हणालो होतो.