पाय: लागू नाही

मरिना गावच्या टेकाडांवर, ऑगस्टचं धुकं समुद्राकडून आत येताना,
ओरालिया आणि मी गुडघ्यांवर बसून वाळू विंचरतो.
बोटांची फणी, इंच इंच.
ऑक्टोबरात इथे हॉटेलचा पाया खणतील;
त्याआधी जे जिवंत आहे ते उचलून पलीकडे न्यायचं.
दिवसाला एकशे ऐंशी डॉलर, डबा आपापला.

आधी निघतात गोळ्या.
इथे सैनिक नेमबाजी शिकत. वाळूने शिसं सांभाळून ठेवलंय.
ओरालियाचे वडीलही त्यांत होते म्हणे.
प्रत्येक गोळी ती खिशात टाकते, बोलत काही नाही.

मग ल्युपिनच्या झुडपाखाली, पाचोळ्याच्या ओलीत,
एक रेघ हलली.
पेन्सिलीएवढी. पाठ चांदीची, पोट हळद लागल्यागत.
मी हात मागे घेतला. रक्तातच आहे ते: साप!
"थांब," ओरालिया म्हणाली, "डोळे बघ."

तिने पापणी मिटली. उघडली.
सापाला पापणी नसते.

आमच्याकडे सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात, मी सांगितलं.
मग ही कोण? आत्या?
ओरालियाच्या भाषेत दोघी एकच, तिया.
विनोद तिथेच वाळूत मुरला.

कानाला भोक नाही.
खालचा जबडा वरच्याच्या आत बसवलेला,
पोहताना तोंडात वाळू जाऊ नये म्हणून.
धुक्याची जी ओल झिरपते तेवढंच पाणी.
अंडी नाहीत; थेट पिल्लं, एक किंवा दोन, शरदाच्या तोंडावर.
हिचं पोट जड होतं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
हिला धावच नाही,
हे ओळखून कुणीतरी कुंपण दोन फूट जमिनीत पुरलंय.

फॉर्म मी भरला.
लांबी: सतरा सेंटिमीटर.
शेपूट: एकदा तुटून आलेली, बोथट.
पाय: लागू नाही.
कुठून: प्लॉट चार. कुठे: रस्त्यापलीकडे, चारशे मीटर.

"चारशे!" ओरालिया म्हणाली.
"ही जन्मभर एका झुडपाची सावली सोडत नाही."
आणि बादलीत तिची तीच वाळू भरली,
वर तिच्याच झुडपाचा मूठभर पाचोळा.
ते का, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

पलीकडे बादली कलती केली.
नाक खाली, एक वळसा,
वाळूवर माग म्हणावा असं काही नाही.
बादलीच्या तळाशी एक गोळी उरली होती.
ओरालियाने ती खिशात टाकली.