शिडी उजवीकडे

मांढळच्या अलीकडे, धुऱ्यावर, उरकुडाजींचं मचाण.
धावड्याचे चार खांब, त्यातला एक तिरका,
वर तुराट्यांचं छप्पर,
सांध्यांना खिळा एकही नाही, पळसाच्या मुळीचा वाक.
मी गाठी मोजल्या : एकोणीस.
ते म्हणाले, "मोजून काय होते? वढून पाह्य."

सक्करदऱ्याच्या खोलीत लिनोलियमचा तुकडा
खिडकीच्या उन्हात मऊ होऊ दिला.
कोरायला बसलं की कळतं,
आभाळ करायचं म्हणजे आभाळाएवढं काढून टाकायचं.
ते सुपलीत पडतं, वेटोळी वेटोळी.
राहतं ते काळं : खांब, शिडी, चण्याच्या ओळी,
कोठ्याच्या कुडावर
शेणाच्या बोटांचे माग, जे घ्यायचे नव्हते
पण हात थांबेना.
गाठी अठराच झाल्या.
एकोणिसाव्या जागी पटाशी घसरली.

इतवारीच्या छापखान्यातून मागून आणलेली डबाभर शाई.
दाबयंत्र कुठलं, वरणाच्या डावाची पाठ.
मनगट भरून येईतो घासलं
आणि कागद एका कोपऱ्यातून सोलला.

उरकुडाजींनी तो लांब धरला, मग जवळ.
"सारं हाय. पण शिडी उलटी आली न बापू."
मी सांगू लागलो, ठशात डावं ते उजवं होतं, म्हणजे
कोरताना आधीच...
"म्हणजे तुहा कागद आरशातला."
आणि घडी न घालता
छपराच्या तुराट्यांत खोवून ठेवला.

पुढच्या माघात गेलो तेव्हा चणा घाट्यावर होता.
खांब तेच, तिरका होता तिथेच तिरका.
बाकीचं गेल्या सालचं मचाण चुलीत गेलेलं, दरवर्षी जातं.
नवी शिडी उजवीकडे.

"डुकरं आता नाल्याकडून येतेत," ते म्हणाले,
"इकडून उतराले सोपं."
सारजाबाई घाटे सोलत होत्या, मान वर न करता बोलल्या,
"डुकरं कायची! उन्हाळाभर कागद पाहत बसला हा माणूस."

रात्री परत येऊन ब्लॉक काढला.
त्यावर शिडी डावीकडे, जशी होती.
जळालेलं मचाण आता एवढ्यातच उभं,
तेही शाई लागेपर्यंत.
अंगठा फिरवला, अठरा.

सकाळी नवा तुकडा उन्हात ठेवला.
यंदा गाठी आधी.