तारखेची बाजू

"तारखेकडनं पट्टी कापायची नाही,
तारीख दुकानात राहिली पाहिजे,"
पहिल्याच दिवशी दुड्डमशेठ.
साखर पेठ, दुपारचे चार, मागं यंत्रमागांचा खडखडाट,
आणि मी डॉक्टरांचं अक्षर लावतेय.
अंदाज करायचा नाही. फोन करायचा.

कात्री हाताला नवी नाही.
आठवीपासून आईशेजारी तेंदूपान कापलंय
पत्र्याच्या फर्म्यावर;
पंचवीसचा कट्टा, तेलुगूत मोजून.
डी.फार्म. इंग्रजीत झालं,
गोळ्या अजून ओठांत: ओकटि, रेंडु, मूडु.

काल एक बाई. बोटं तंबाखूनं पिवळट.
"दोनच द्या. हप्ता शनिवारी मिळतो."
कापल्या. पुडीवर तारीख लिहिली, ठळक.
तिनं पुडी उलटी धरली.

मग मी तारीख सांगितली
घरच्या भाषेत,
शेठना ऐकू जाईल एवढ्यानं.