पंधरा एप्रिलच्या आत

दोन्ही पाकिटं फ्रिजवर लावली आहेत,
एक बदकाच्या चुंबकाखाली, एक प्लंबरच्या जाहिरातीखाली.
आईनं काही बोलायचं नाही, असं ठरलंय.
ती बोलत नाही.
फक्त बदकाखालचं पाकीट
रोज सकाळी बोटभर खाली आलेलं असतं.

बदकाखालची शाळा पश्चिमेला, समुद्राजवळ.
तीन वर्षं, एक लाख बेचाळीस हजार डॉलर.
हा आकडा मी आधी हप्त्यांत मांडून पाहिला,
मग म्हाताऱ्या गुडघ्यांत:
किती वाकवले, किती सरळ केले म्हणजे फिटेल.
कागद संपला.
प्लंबरखालची इथून पाच तासांवर, सपाटीवर.
निम्म्याहून कमी पैसे. वारा फुकट.

"परीक्षा दोघांना एकच," डेल्फीन म्हणते,
माझी वरिष्ठ, बर्फाच्या पिशव्या मोजता मोजता.
"आणि पेशंट शाळा विचारत नाही.
पेशंट विचारतो, दुखेल का."
तिचं स्वतःचं कर्ज फिटलं तेव्हा ती सत्तेचाळीसची होती.
केक आणला होता. आम्ही तो उभ्यानंच खाल्ला,
दोन पेशंटांच्या मध्ये.

पण मी पश्चिमेला पाहून आलेय.
तळघरात, पांढऱ्या दिव्यांखाली,
कुणीतरी दान केलेल्या देहात
एक कृत्रिम गुडघा.
कातडी घडी उलगडावी तशी बाजूला,
आणि आत धातू, घासलेल्या वाटीसारखा लख्ख.
दोन वर्षं मी असले गुडघे वरून दाबतेय,
टॉवेलवरून, सुजेवरून, शिव्या खात.
आत काय असतं ते त्या दिवशी कळलं.
लोक म्हणतात, हिची अक्कल गुडघ्यात.
असेल. मी तिथेच शोधतेय.
परतीच्या विमानात स्वतःचा गुडघा
दोन्ही हातांनी धरून बसले होते.

सपाटीवर असलं काही दाखवलं नाही.
तिथे माझी गाडी पार्किंगच्या कडेला बर्फात रुतली,
आणि मुलाखत घेणारे प्राध्यापक हेगस्ट्रॉम
कोट न घालताच बाहेर आले, मागे सात विद्यार्थी.
"पाठीतून नको! मांड्यांतून!
श्वास सोड, ब्रीटा, श्वास!"
गाडी निघाली.
प्रवेश मला गुणांवर मिळाला
की त्यांना कीव आली, माहीत नाही.

रेइनो कांगास, वय एकोणऐंशी, उजवा खुबा नवा.
चाळीस वर्षं डलूथच्या खनिजधक्क्यावर,
आता समांतर दांड्यांच्या मध्ये.
त्याला स्वतःच्या सौनाच्या तीन पायऱ्या चढायच्यात,
बाकी जगाशी देणंघेणं नाही.
मोजतो फिनिशमध्ये: युक्सी, काक्सी, कोल्मे,
आणि थांबून खिडकीतून सरोवर बघतो.
बर्फ फुटलंय. वर्षातलं पहिलं जहाज
पुलाखालून आत येतंय, भोंगा देत.
त्याच्या कमरेच्या पट्ट्यात माझी मूठ.
"चढताना चांगला पाय आधी," मी रोजचं सांगते,
"उतरताना दुखरा."
तो मान वळवत नाही.
"आणि तू? चढतेयस की उतरतेयस?"
मी म्हटलं, "कोल्मे झालं. पुढे?"
"नेल्या," तो म्हणाला,
आणि जहाजावरची नजर न काढता पाऊल टाकलं.

चौदाची रात्र. अनामत पाचशे डॉलर,
परत मिळणार नाही असं ठळक अक्षरांत.
मी फ्रिजसमोर उभी, दूध न काढता.
बदकाखालचं पाकीट आज फरशीवर.
आई दारात, झोपेच्या कपड्यांत.
"मी हात लावला नाही," ती म्हणते,
"कधीच नाही. तुझ्या बदकातच जोर नाही."
आणि उचलायला वाकते,
पाय ताठ, सगळा भार कमरेवर.

"पाठीतून नको, आई! मांड्यांतून!"
मी ओरडते,
आणि गप्प होऊन ऐकत राहते
माझा आवाज कुणासारखा आला ते.